टाइमशेअर विकायचाय? 'गिऱ्हाईक तयार आहे' या फोनपासून डीड नोंदणीपर्यंत

खलबत्ता
अमेरिकेतला टाइमशेअर, म्हणजे सुट्टीसाठी रिसॉर्टमधली खोली ठरावीक काळ वापरायचा विकत घेतलेला हक्क, विकायचा म्हटलं की सल्ले दोनच मिळतात. एक, 'फुकटसुद्धा कोणी घेणार नाही' आणि दुसरा, 'माझ्या माहितीत एक कंपनी आहे'. या दोन टोकांच्या मधली माहिती मराठीत एका जागी सापडली नाही, म्हणून धागा काढतोय.

प्रश्न असे:
१. फोन करून 'तुमच्या युनिटला गिऱ्हाईक तयार आहे' सांगणाऱ्यांत एखादा तरी खरा असतो का?
२. खरा दलाल ओळखायचा कसा?
३. पैसे आणि डीड (मालकीचा दस्त) यांची अदलाबदल कोणत्या क्रमाने करायची?
४. भारतात परतलेल्यांनी सह्या कुठे करायच्या?

माझं मत आधीच मांडतो. विकणाऱ्याने खिशातून आधी एक डॉलरसुद्धा काढायचा नाही. याला अपवाद असेल तर दाखवा.

रेवा_तीर
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

दस्तऐवज
या चारांच्याही आधीचा प्रश्न: तुमच्याकडे नेमकं आहे काय? ते माहीत नसेल तर फोनवरचा माणूस काहीही सांगेल आणि ते खरं वाटेल.

डीडेड आठवडा असेल तर काउंटीच्या (तिथला जिल्हाच म्हणा) दप्तरी तुमच्या नावाचा दस्त आहे, घराचा असतो तसाच. विकताना नवा डीड करून, नोटरीसमोर सही करून, त्याच काउंटीत नोंदवावा लागतो. राइट-टू-यूज असेल तर तो नुसता ठरावीक वर्षांचा वापराचा करार. डीड नाही, त्यामुळे नाव बदलणार ते फक्त रिसॉर्टच्या वहीत. मेक्सिकोतले बरेचसे या जातीचे असतात. त्यांच्यासाठी कोणी 'डीड नोंदणीचा कर' मागितला तर कोणता डीड, एवढंच विचारा. पॉइंट्समध्ये, म्हणजे ठरावीक आठवड्याऐवजी खोलीसाठी खर्चायला गुण मिळतात त्या प्रकारात, दोन्ही भानगडी आहेत. काहींच्या पाठीमागे डीड असतो, काहींच्या पाठीमागे ट्रस्टमधला हिस्सा किंवा साधा सभासद करार.

तेव्हा मूळ कागद काढा. करार क्रमांक, युनिट, आठवडा क्रमांक, दरवर्षीचा की वर्षाआडचा (वर्षाआडचा असेल तर सम की विषम), मालक म्हणून किती जणांची नावं आहेत, हे सगळं एका कागदावर लिहा. मग रिसॉर्टकडे 'एस्टॉपेल' मागा. थकबाकी किती, कर्ज शिल्लक आहे का, या वर्षाचा वापर झाला का, पॉइंट्स किती उरले, हे त्यात रिसॉर्ट लेखी देतं. कर्ज शिल्लक असेल तर विक्रीचा विषय तिथेच थांबतो. आधी ते फेडायचं.

गणिती_गोगलगाय
किमतीबद्दल. विकत घेताना मोजलेली रक्कम डोक्यातून काढून टाका. तिच्यात विक्रेत्यांचं कमिशन, जाहिरात, फुकटचा नाश्ता, सगळं होतं. त्यातलं काही परत विकता येत नाही.

ईबेवर शोध घ्या, पण 'विकले गेलेले' हा फिल्टर लावून. मागितलेली किंमत काय, कोणीही काहीही मागू शकतो. तिथे १ डॉलरला गेलेले आठवडे रांगेने दिसतील, त्यातल्या काहींमध्ये नोंदणीचा खर्चही विकणाऱ्यानेच उचललेला असतो. कारण साधं आहे. घेणाऱ्याच्या हिशोबात ही वर्षाला हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त मेंटेनन्स (देखभाल) फी आहे, दरवर्षी वाढणारी, आणि अनेक करारांत तिला शेवटची तारीखच नाही.

अपवाद आहेत. डिस्नी व्हेकेशन क्लबला पुनर्विक्रीत बऱ्यापैकी भाव मिळतो. पण तिथेही घेणाऱ्याला मूळ मालकाचे सगळे हक्क मिळत नाहीत. १९ जानेवारी २०१९ पासून पुनर्विक्रीत घेतलेले पॉइंट्स रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये चालत नाहीत. विंडमचे पुनर्विक्रीतले पॉइंट्स व्हीआयपी दर्जासाठी धरत नाहीत. भाव पडण्याचं अर्धं कारण कंपन्यांनी स्वतःच असं लिहून ठेवलंय.

कोरडा_विनोद
म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. फरक इतकाच, की इथे तुरींची मेंटेनन्स फी भटालाच भरायची आहे.

टिपणवही
प्रश्न १ ला सरळ उत्तर: नाही. न मागता आलेल्या फोनवर तयार गिऱ्हाईक, हे खरं निघत नाही. खरा दलाल गिऱ्हाईक घेऊन तुमच्या दारात येत नाही, कारण बाजारात माल रग्गड आहे आणि गिऱ्हाइकांचाच तुटवडा. तो तुम्हाला का शोधत फिरेल?

फसवणुकीचा साचा जवळजवळ ठरलेला आहे.

फोनवाल्याला तुमचं नाव, रिसॉर्ट, आठवडा, सगळं ठाऊक असतं, त्यामुळे विश्वास बसतो. पण डीडेड आठवड्याचा दस्त सार्वजनिक असतो. काउंटीच्या वेबसाइटवर कोणीही बघू शकतो. मेक्सिकोतल्या रिसॉर्टच्या बाबतीत आतल्याच माणसांनी मालकांच्या याद्या विकल्याचं अमेरिकी सरकारनेच नोंदवलंय. म्हणजे 'त्याला सगळं माहीत होतं' हा पुरावा होऊ शकत नाही.

गिऱ्हाईक बहुधा एखादी कंपनी असते, जिला म्हणे कर्मचाऱ्यांसाठी खोल्या हव्यात. भाव तुमच्या खरेदीपेक्षा चढा. मग पीडीएफमध्ये करार येतो, 'एस्क्रो' (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थ) कंपनीचं पत्र येतं, पैसे जमा झाल्याची पावती येते. त्यानंतर पहिली मागणी. ती मुद्दाम पेलवेल एवढीच ठेवतात आणि 'क्लोजिंगला', म्हणजे व्यवहार पुरा होताना, 'परत मिळेल' म्हणून सांगतात. ती भरली की दुसरी: सीमापार हस्तांतरणाचा कर. मग तिसरी: मनी लाँडरिंग तपासाची फी. मग दंड, कारण आधीची रक्कम 'चुकीच्या पद्धतीने' पाठवली. जोवर तुम्ही भरताय तोवर शेवटचा हप्ता येत नाही.

आणि थांबलात की काही महिन्यांनी वेगळाच माणूस फोन करतो. वकील, इंटरपोल, मेक्सिकोचं आर्थिक गुप्तचर खातं, अगदी अमेरिकी अर्थखात्याचं निर्बंध कार्यालय ओएफएसी. 'तुमचे बुडालेले पैसे सापडलेत, सोडवायला एवढी फी.' टोळी बहुतेक वेळा तीच.

आकडा सांगतो. एफबीआयच्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या काळात मेक्सिकोतल्या टाइमशेअर फसवणुकीत सुमारे ६,००० अमेरिकी लोकांनी मिळून जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी आल्या. यामागे हालिस्को कार्टेल ही मेक्सिकोतली ड्रग्जची टोळी आहे, आणि ओएफएसीने २०२३ पासून पुएर्तो व्हायार्ता भागातल्या बऱ्याच कंपन्यांवर निर्बंध घातलेत.

सुपारीफुटली
त्या पत्रांवर तीन-तीन सोनेरी शिक्के असतात. खऱ्या सरकारी कागदावर एक तरी शिक्का पुसट आणि तिरका हवाच. तिथेच ओळखावं.

अवलिया७
खलबत्ता, तुमचा 'एक डॉलरसुद्धा नाही' हा नियम जरा सैल करा. जाहिरातीचे पैसे आणि विकून देण्याचे पैसे यांत फरक आहे. रेडवीकसारख्या साइटवर जाहिरात लावायला मोजकी फी असते आणि ती फक्त जाहिरातीची असते. ते विकून देण्याचं वचन देत नाहीत, तुम्हाला फोन करत नाहीत, गिऱ्हाईक थेट तुमच्याशी बोलतं. १९९३ पासून चालू असलेल्या टाइमशेअर यूजर्स ग्रुपवर, म्हणजे टगवर, फुकट द्यायच्या आठवड्यांसाठी वेगळा विभाग आहे.

फसवा 'जाहिरातदार' तोच, जो जाहिरातीच्या नावाखाली शेकडो-हजारो डॉलर घेतो आणि फोनवर विक्रीची खात्री देतो. करारात मात्र फक्त 'जाहिरात सेवा' लिहिलेलं असतं. फोनवर बोललेलं कागदावर नसलं, तर ते बोललंच गेलं नाही असं धरा. फ्लोरिडाच्या कायद्याने अशा पुनर्विक्री जाहिरातीचा करार लेखी हवा आणि सहीनंतर ७ दिवसांत रद्द करता आला पाहिजे. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. वाद घालायचा तर स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांची मुदत मिळते. वायर किंवा गिफ्ट कार्ड मागणाऱ्याला नमस्कार.

खलबत्ता
मान्य. नियम दुरुस्त करतो: *विकून देण्यासाठी* आधी एक डॉलरही नाही. जाहिरातीला चालेल, तेही आपण शोधलेल्या जागी.

दस्तऐवज
प्रश्न २, दलाल. अमेरिकेत परवाना राज्य देतं आणि प्रत्येक राज्याच्या नोंदवहीत तो ऑनलाइन तपासता येतो. फ्लोरिडात ते काम व्यवसाय नियमन खातं, म्हणजे डीबीपीआर, करतं. परवान्यावरचं नाव, पत्ता, चालू आहे की संपलाय, कारवाई झाली आहे का, सगळं तिथे दिसतं. पुनर्विक्रीतल्या परवानाधारक दलालांची एलटीआरबीए नावाची संघटना आहे. तिच्या यादीपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण परवाना स्वतः तपासाच.

खरा दलाल कमिशन घेतो ते क्लोजिंगच्या वेळी, विक्रीच्या रकमेतून. आणि बरेचदा तो तुमचा आठवडा हातातच घेत नाही. १ डॉलरच्या मालावर कमिशन कसलं? दलाल नाही म्हणाला, तर तीही किमतीबद्दलची विश्वासार्ह माहितीच समजा.

मीठभाकर
दस्तऐवज यांच्या पोस्टला एक मोठी पुरवणी. परवाना खरा असला म्हणून फोनवरचा माणूस खरा ठरत नाही. हे लोक चालू परवाना असलेल्या खऱ्या दलालाचं किंवा एस्क्रो कंपनीचं नाव उचलतात, क्वचित वर्षानुवर्षं झोपलेल्या कंपनीचं, आणि त्या नावाची नवी वेबसाइट उभी करतात.

तपासायचं असं. ईमेलमधला नंबर लावायचा नाही. राज्याच्या नोंदवहीतला नंबर शोधून त्यावर फोन करायचा आणि विचारायचं, 'या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का, माझी फाइल आहे का?' वेबसाइटचं डोमेन कधी नोंदवलं ते हूइज या डोमेन-नोंदींच्या शोधसेवेवर बघायचं. '२५ वर्षांचा अनुभव' आणि डोमेन चार महिन्यांचं, असं सर्रास दिसतं. एस्क्रो कॅलिफोर्नियातली म्हणवत असेल तर राज्याच्या वित्तीय संरक्षण खात्याकडे, डीएफपीआयकडे, तिची नोंद हवी. शेवटचं आणि सगळ्यात खात्रीचं: पैसे कोणत्या खात्यात मागतायत? कंपनी न्यूयॉर्कची आणि खातं मेक्सिकोतल्या बँकेत, तेही तिसऱ्याच नावाचं, तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही. फोनवर दिसणारा नंबर तर खोटा दाखवता येतोच, त्याचं काय घेऊन बसलात.

आणि पैसे गेलेच असतील तर लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी बँकेला वायर परत बोलवायला सांगा आणि एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवा. पहिले ७२ तास महत्त्वाचे. नंतर 'वसुली' करून देतो म्हणणारा आला तर एक नियम लक्षात ठेवा. फोनवरच्या व्यवहारात बुडालेले पैसे परत आणून देणाऱ्याला, ते पैसे तुमच्या हातात पडून कामकाजाचे ७ दिवस होईपर्यंत फी मागायला संघीय नियमानेच बंदी आहे. आधी फी मागितली म्हणजे तो कायदा मोडतोय. एवढं पुरे.

रेवा_तीर
पॉपकॉर्न संपले. प्रश्न: रेडिओवर, यूट्यूबवर 'टाइमशेअरमधून कायमची सुटका, नाहीतर पैसे परत' अशा जाहिराती येतात, त्या एक्झिट कंपन्यांचं काय?

टिपणवही
त्या विकून देत नाहीत, 'सोडवून' देतात म्हणे. फी हजारोंत आणि आधी. सही झाली की पहिली सूचना: रिसॉर्टशी बोलू नका, फी भरणं थांबवा. पुढे कंपनी दोन-चार पत्रं पाठवते, रिसॉर्ट थकबाकीमुळे जप्ती करतं, आणि कंपनी म्हणते, 'झाली सुटका!' गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही.

ही नुसती निंदा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचा संघीय व्यापार आयोग एफटीसी आणि विस्कॉन्सिन राज्याने मिझुरीतल्या अशाच एका समूहावर खटला भरला. आरोप होता की मुख्यतः वयस्कर लोकांकडून ९ कोटी डॉलरहून जास्त उकळले. त्याआधी २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने जाहिरातींमुळे घराघरांत पोचलेल्या एका एक्झिट कंपनीकडून तडजोडीत २६ लाख डॉलर वसूल केले. 'पैसे परत' हमी देणारी कंपनी वर्षभराने अस्तित्वात असेल का, हा हमीच्या कागदावर न छापलेला भाग.

अवलिया७
तरी एक विचारतो. कर्ज नसेल आणि घर-गाडीसाठी नवं कर्ज काढायचं नसेल, तर एक्झिट कंपनीला पैसे देण्यापेक्षा स्वतःच फी थांबवली तर? शेवट तोच ना, जप्ती.

दस्तऐवज
शेवट तोच असेलच असं नाही. काही रिसॉर्ट जप्ती करून मोकळे होतात, काही वर्षानुवर्षं थकबाकी वाढू देतात आणि वसुली एजन्सीकडे देतात. क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो. माफ झालेली रक्कम १०९९-सी या फॉर्मवर अमेरिकी कर खात्याला, म्हणजे आयआरएसला, कळवली जाऊ शकते, म्हणजे न मिळालेल्या पैशावर कराचा प्रश्न. निवड तुमची, पण आधी डीड-बॅक, म्हणजे रिसॉर्टलाच मालकी परत देणं, मागून पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. फी थकली की बहुतेक डीड-बॅक योजनांचं दार बंद होतं. अवलिया, क्रम उलटा केलात तर पर्याय एकच उरतो.

गणिती_गोगलगाय
'दान करा आणि कर वाचवा' हीसुद्धा एक जाहिरात असते. बहुतेक संस्था टाइमशेअर घेत नाहीत, त्यांनाही मेंटेनन्स फी भरावी लागते. ५,००० डॉलरच्या वरची वजावट मागायची तर पात्र मूल्यांकन आणि फॉर्म ८२८३ लागतो, आणि ज्याची बाजारातली किंमत १ डॉलर त्याचं मूल्यांकन हजारोंत आलं तर भुवया उंचावणारच. अशा फुगवलेल्या मूल्यांकनांचं प्रकरण आयआरएसने कोर्टापर्यंत नेलं होतं. तोटा दाखवून कर वाचेल ही आशाही सोडा. स्वतःच्या वापरासाठी घेतलेला टाइमशेअर तोट्यात विकला तर तो तोटा वजा होत नाही.

कोरडा_विनोद
थोडक्यात, विकताही येत नाही, दानही देता येत नाही, मुलांनाही नकोय. आपल्याकडे याला पूर्वी शाप म्हणायचे.

दस्तऐवज
मुलांचा विषय काढलात ते बरं झालं. मालक गेल्यावर वारसांना तो घ्यावाच लागतो, ही भीती विक्रेते पसरवतात. वारस लेखी नकार देऊ शकतो. मृत्यूपासून ९ महिन्यांच्या आत, आणि मधल्या काळात एकदाही न वापरता. 'एकदा जाऊन येऊ, मग ठरवू' म्हणून राहून आलं की नकाराचा हक्क गेला. मात्र मुलांचं नाव आधीच डीडवर घातलं असेल तर ते वारस राहिलेच नाहीत, मालकच झाले. तेव्हा 'मुलांची नावं घाला, फुकट आहे' या ऑफरला हो म्हणू नका.

आता प्रश्न ३. खरेदीदार मिळाला असं धरतो.

आधी दोघांमधला लेखी करार. त्यात किंमतीपेक्षा महत्त्वाच्या तीन ओळी: या वर्षाची फी कोण भरणार, या वर्षाचा आठवडा कोण वापरणार, आणि क्लोजिंग व रिसॉर्टची ट्रान्सफर फी कोणाकडे. आठवडा आरसीआय किंवा इंटरव्हल या अदलाबदल कंपन्यांकडे आधीच जमा केला असेल तर तेही लिहा. निम्मी भांडणं इथेच होतात.

मग टाइमशेअरचं काम करणारी क्लोजिंग कंपनी. साधे वकील हे काम घेतात, पण रिसॉर्टचे फॉर्म त्यांना सवयीचे नसतात. पैसे एस्क्रोत जातात, विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या खात्यात थेट नाही. कंपनी एस्टॉपेल मागवते. रिसॉर्टला 'पहिल्या नकाराचा हक्क' असेल तर करार त्यांच्याकडे जातो. डिस्नीकडे यासाठी ३० दिवस धरा. त्यांनी तो हक्क वापरला तर तेच त्या किमतीला घेतात, तुमचं काही बिघडत नाही.

मग डीड तयार होतो. कायदेशीर वर्णन जुन्या डीडवरून अक्षर न अक्षर उतरवायचं. युनिट-आठवडा नुसता 'रिसॉर्टचा आठवडा ३२' असा लिहिलेला डीड नोंदला जातो, पण रिसॉर्ट तो मान्य करत नाही. डीडवरच्या सगळ्या मालकांच्या सह्या. एक गेला असेल तर मृत्यू दाखला, आणि मालकी कशा स्वरूपाची होती त्यानुसार कदाचित प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया. फ्लोरिडात नोंदणीच्या वेळी दर १०० डॉलरला ७० सेंट मुद्रांक, मायामी-डेड काउंटी सोडून.

नोंदणी झाली की काम संपलं असं वाटतं, आणि तिथेच लोक अडकतात. काउंटीच्या वहीत नवा मालक, रिसॉर्टच्या वहीत जुनाच. नोंदलेल्या डीडची प्रत, ट्रान्सफर फॉर्म आणि फी रिसॉर्टला पोचायला हवी, आणि 'खाते क्रमांक अमुक, नवा मालक तमुक' असं रिसॉर्टचं लेखी उत्तर यायला हवं. तोवर बिल तुमच्याच नावाने येणार. एस्क्रोतले पैसेही हे उत्तर आल्यावरच सुटले तर उत्तम.

मीठभाकर
इथेच तो 'पोस्टकार्ड कंपनी'वाला प्रकार बसतो. हॉटेलात जेवण देऊन सभा घ्यायची, प्रत्येकाकडून हजारो डॉलर घ्यायचे आणि टाइमशेअर एखाद्या पोकळ एलएलसी कंपनीच्या नावावर डीड करायचा. एलएलसी फी भरत नाही. रिसॉर्टला कळलं की ते असं हस्तांतरण नाकारतात किंवा कोर्टात आव्हान देतात, आणि बिल फिरून मूळ मालकाकडे. घेणारा व्यक्ती नसून एलएलसी असेल तर ती कधी नोंदवली, मागे कोण आहे, हे राज्याच्या कंपनी नोंदवहीत बघा. महिन्याभरापूर्वीची असेल तर सही करू नका.

निवृत्त_पासपोर्ट
प्रश्न ४ मागे पडलाय. ऑर्लँडोतला आठवडा आणि दोन्ही मालक पुण्यात, अशा वेळी?

दस्तऐवज
सहीचे तीन मार्ग. अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये नोटरी सेवा, मुंबईला अपॉइंटमेंट घेऊन. फी दर शिक्क्याला ५० डॉलर, पासपोर्ट आणि सही न केलेला डीड घेऊन जायचं. तिथे जाऊनच सही करायची, घरून करून नेली तर वाया. दुसरा, भारतातली नोटरी आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. तिसरा, व्हिडिओवरची ऑनलाइन नोटरी. फ्लोरिडाने २०२० पासून ती परवानगी दिली आहे. पण कोणता मार्ग चालेल हे आधी क्लोजिंग कंपनीला विचारा. काही रिसॉर्ट स्वतःच्या फॉर्मवर ऑनलाइन नोटरी घेत नाहीत.

करासाठी: विकणारा अमेरिकी करदृष्ट्या 'परदेशी' असेल तर डीडेड मालमत्तेवर एफआयआरपीटीए या कर कायद्याखाली घेणाऱ्याने किमतीच्या १५ टक्के कापून आयआरएसकडे भरायचे असतात. नागरिक असाल, तर पुण्यात राहत असलात तरी परदेशी धरत नाहीत. तसं प्रतिज्ञापत्र दिलं की कपात नाही. ५०० डॉलरच्या विक्रीवर ७५ डॉलर ही रक्कम मोठी नाही, पण कागदपत्रांसाठी करदाता क्रमांक लागतो, आणि आयटीआयएन (तो करदाता क्रमांक) नसलेल्यांचा व्यवहार तिथेच लटकतो. गिऱ्हाईक शोधायच्या आधी हे निस्तरा.

सुपारीफुटली
अवांतर: आपल्याकडच्या २५ वर्षांच्या हॉलिडे क्लब मेंबरशिपला यातलं काय लागू?

मीठभाकर
डीडचा भाग लागू नाही. भारतातल्या क्लब मेंबरशिप म्हणजे वापराचे करार, हस्तांतर कंपनीच्या अटींवर आणि फी भरून. वार्षिक शुल्क थकलं असेल तर आधी ते. फसवणूक मात्र सख्खी बहीण आहे: 'तुमची मेंबरशिप विकली गेली, आता फक्त जीएसटी भरा.' विकणाऱ्याने कर आगाऊ एखाद्याच्या खात्यात यूपीआयने भरायचा, असा कोणताही जीएसटी नाही. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. कंपनीशीच वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही.

सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे मिसळण होईल.

रेवा_तीर
आणि कालच सभेत सही करून आलेल्यांसाठी? आता विकायचा म्हटलं तर…

गणिती_गोगलगाय
विकायचा नाही, रद्द करायचा! मुदत राज्यागणिक वेगळी. फ्लोरिडात १० दिवस, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५, मेक्सिकोत कामकाजाचे ५. करारात दिलेल्या पत्त्यावर, सांगितलेल्या पद्धतीने, सगळ्या सही करणाऱ्यांच्या सहीचं पत्र, करार क्रमांकासह. सर्टिफाइड मेलची पावती जपून ठेवायची. फोन करून कळवू नका. 'उद्या बोलू, तुम्हाला चांगलं पॅकेज देतो' म्हणता म्हणता मुदत निघून जाते.

खलबत्ता
हे सगळं वाचल्यावर माझा मूळ प्रश्नच चुकीचा होता असं वाटतंय. 'कोणाला विकायचा' याआधी 'रिसॉर्ट परत घेतं का' हे विचारायला हवं होतं. तो पहिला फोन नेमका कसा करायचा?

दस्तऐवज
बऱ्याच मोठ्या कंपन्यांची परत घ्यायची योजना आहे. विंडमची 'विंडम केअर्स' आहे, इतरांच्या वेगवेगळ्या नावांनी. उद्योगाच्या संघटनेने, एआरडीएने, कंपन्यांचे संपर्क 'रिस्पॉन्सिबल एक्झिट' साइटवर एकत्र दिलेत. सामान्य अट: कर्ज फिटलेलं, फी चालू. बहुतेकदा पैसे मिळत नाहीत, कधी वर एखाद्या वर्षाची फी भरावी लागते. १ डॉलरला विकून क्लोजिंगचा खर्च करण्यापेक्षा हे अनेकदा स्वस्त पडतं.

फोन मेंटेनन्स फीच्या बिलावरच्या नंबरावर करा. गुगलवर सापडलेल्या नंबरावर नको, तिथे वरच्या जाहिराती एक्झिट कंपन्यांच्या असतात. 'मालकी परत करायची आहे, डीड-बॅक किंवा सरेंडर कोण बघतं?' असं विचारा आणि 'विकायचाय' हा शब्द काढू नका. विक्री म्हटलं की फोन सेल्सकडे वळतो. पहिल्या वेळी नाही म्हणाले तर लेखी विनंती पाठवा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारा. योजना बंद-चालू होत असतात.

अवलिया७
आणि 'समक्ष या, मालकांसाठी खास अपडेट मीटिंग आहे, तिथेच सरेंडरचे कागद करू' म्हणाले तर?

दस्तऐवज
ती सेल्सची मीटिंग. सरेंडरचे कागद टपालाने किंवा ईमेलने येतात, नोटरी तुमच्या गावात होते. समक्ष जायचं कारणच नाही.

कोरडा_विनोद
नाश्ता मात्र चांगला असतो म्हणतात.

रेवा_तीर
त्या नाश्त्यापायीच तर हा धागा निघाला.